लोखंड न फोडता आतलं कळतं कसं: अल्ट्रासाउंडचा वेग मोजताना

सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत फाउंड्र्या बऱ्याच आहेत, आणि ग्रे आयर्न (साधं ओतीव लोखंड) न् एसजी आयर्न (जास्त चिवट ओतीव लोखंड) यांची कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेले भाग, शेजारी ठेवली तर बाहेरनं काहीच फरक कळत नाही. फरक आत असतो. एसजीत ग्राफाइटच्या गोल गोळ्या व्हाव्या लागतात, त्यासाठी वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियम देतात, पण ओतायला उशीर झाला की मॅग्नेशियम उडून जातं आणि लॅडलनं (लोखंड ओतायच्या भांड्यानं) शेवटी भरलेल्या मोल्डांत, म्हणजे साच्यांत, गोळ्या बिघडतात.

हे पकडतो लोखंडातनं जाणाऱ्या अल्ट्रासाउंडचा, म्हणजे कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाचा, वेग. चांगल्या एसजीत तो सेकंदाला साधारण ५६०० मीटर असतो, ग्रेमध्ये ग्राफाइटचे चपटे पापुद्रे असतात म्हणून ५००० च्या बराच खाली.

आता नीट बघा, गेज, म्हणजे हे तपासायचं मशीन, वेग मोजतच नाही, तो मोजतो वेळ. २५ मिलिमीटर जाड कास्टिंगमध्ये लहर जाऊन परत यायला जेमतेम ९ मायक्रोसेकंद लागतात, ५६०० ऐवजी वेग ५४०० असेल तर फरक पडतो फक्त ०.३३ मायक्रोसेकंदाचा. हे आजचं मशीन आरामात पकडतं, त्यातही पहिल्या आणि दुसऱ्या इकोमधला (परत आलेल्या लहरींमधला) वेळ घेतला की प्रोब (लहर सोडणारा-पकडणारा भाग) आणि त्याच्याखाली लावलेल्या जेलमध्ये गेलेला वेळ आपोआप वजा होतो, फार सुंदर युक्ती आहे ही. खरी अडचण जाडीची, कारण वेग काढायला वेळेबरोबर जाडीही लागते. जाडी मोजायचा व्हर्नियर ०.१ मिलिमीटर चुकला की वेगात २२ मीटरचा फरक, म्हणून मला विचाराल तर महागड्या गेजच्या आधी पृष्ठभाग साफ आहे का, दोन्ही बाजू समांतर आहेत का ते बघावं.

माल जास्त असेल तर पाण्याची टाकी. समोरासमोर दोन प्रोब, मध्ये कास्टिंग, जाडी वेगळी मोजायचीच नाही, ती पाण्यातल्या वेळेवरनं निघते. पण मग पाण्याचा वेग बरोबर पाहिजे, आणि तो २० अंशाला १४८२ तर ३० अंशाला १५०९ मीटर! उन्हाळ्यातलं सेटिंग डिसेंबरच्या गार पाण्यात तसंच राहिलं तर मशीन लोखंडाचा वेग १०० मीटर जास्त दाखवतं, म्हणजे खराब माल बिनधास्त पास, आणि तोच पुढं कुणाच्या तरी गाडीच्या स्टिअरिंगला लागू शकतो. म्हणून टाकीत थर्मामीटर लागतोच, आणि शिफ्ट सुरू करताना आधी वेग माहीत असलेला ठोकळा टाकीत धरायचा, त्याचा आकडा जुळला तरच कास्टिंग आत सोडायची.