बसऱ्याची आजी

नमस्कार मंडळी. विषय पहिल्या महायुद्धातल्या मराठी सैनिकाचा आहे, पण मी बोलणार आहे एकाच शिपायाबद्दल, आणि खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा त्याच्या बायकोबद्दल जास्त, कारण त्याला मी पाहिलेलं नाही, तिला पाहिलंय.

माझ्या आजोबांचे चुलते ११७ मराठा पलटणीत शिपाई होते. सातारा जिल्ह्यातलं कोरडवाहू गाव, चार भावांत जेमतेम जमीन, मग एकानं पलटणीत जायचं हे ठरलेलंच, मनीऑर्डर आली की सावकाराचं व्याज भागायचं. १९१४ च्या शेवटी पुण्याची सहावी डिव्हिजन बोटीनं आजच्या इराकमधल्या बसऱ्याला गेली, तिच्यात तेही गेले. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, मूलबाळ नव्हतं.

पुढचा इतिहास पुस्तकात आहे. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडं टेसिफॉनला मोठी लढाई झाली, तिथून माघार घेत फौज टायग्रिस नदीकाठच्या कूत या गावात आली आणि ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा घातला तो १४७ दिवस. धान्य संपत आलं तसे घोडे मारायला लागले. आपल्यातल्या बहुतेकांनी ते मांस महिनोन् महिने खाल्लं नाही, धर्मातल्या मोठ्या लोकांची परवानगी आहे असं हिंदुस्थानातून वायरलेसवर कळवलं तरीसुद्धा नाही, कारण भीती उपाशी मरायची नव्हती, उद्या गावात पंगतीला कोण बसवून घेणार याची होती. जवाच्या पिठाचं रेशन रोज कमी होत गेलं, हिरड्या सडून रक्त यायचं, माणसं उभ्या उभ्या पडायची. शेवटी २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार लोक कैद झाले, त्यांना वाळवंटातून चालवत नेलं, कित्येकांना रेल्वेच्या कामाला जुंपलं. आमचे चुलत पणजोबा कूतमध्ये गेले की त्या वाटेवर, हे घरात कोणालाच कधी कळलं नाही.

त्यांची बायको त्यावेळी अठरा-एकोणीसची असेल. मी पाहिली तेव्हा पार वाकलेली, आणि सगळा गाव तिला "बसऱ्याची आजी" म्हणायचा. लहानपणी मला वाटायचं बसरा हे तिचं माहेर.

तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक गोल तबकडी होती, वीतभर नसेल पण हातात चांगली जड. लढाई संपल्यावर सरकारनं मेलेल्या प्रत्येकाच्या घरी ती पाठवली होती. एका बाजूला हातात त्रिशूळ धरलेली बाई आणि सिंह, कडेनं इंग्रजी अक्षरं आणि एका चौकटीत त्या माणसाचं नाव. कितीतरी घरांतल्या तबकड्या मोडीत गेल्या. आजी मात्र दर दसऱ्याला चिंच लावून ती घासायची आणि शाळेतलं जे पोर सापडेल त्याला विचारायची, "यात त्यांचं नाव कुठं हाय रं?" मग आपण तिचं बोट धरून त्या चौकटीवर फिरवायचं. हे माझ्या हातून चार-पाच वेळा तरी झालंय, तिचं बोट असं खरखरीत, नखात हळद.

त्या तबकडीवर हुद्दा लिहिलेला नाही. मुद्दामच लिहिला नव्हता, जनरल काय आणि शिपाई काय, मरण सारखंच म्हणून. आणि त्याच सरकारनं बसऱ्याला जे मोठं स्मारक बांधलं त्याच्या भिंतीवर गोऱ्या सोल्जरचं नाव कोरलं, आपल्या सुभेदार-जमादाराचं कोरलं, आणि साध्या हिंदी शिपायांचा फक्त आकडा लिहिला, अमक्या पलटणीचे इतके. मला याचा आजही संताप येतो. २०२१ मध्ये युद्धस्मारकांच्या कमिशननं ही चूक कबूल करून माफी मागितली, म्हणजे शंभर वर्षांनी. आपल्या गावागावात चावडीजवळ संगमरवरी पाट्या आहेत ना, या गावातून इतके गेले, इतके मेले, तिथंही तेच. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याचे तर ४६ मेले. ४६ घरं हो.

पुढं मी कमिशनच्या नोंदी इंटरनेटवर शोधल्या आणि ते सापडले. स्पेलिंगची वाट लागलेली, पण पलटण, गाव, बापाचं नाव बरोबर. बायकोचा उल्लेख नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मलाही ते माहीत नाही. तिच्या हातचं खाल्लं, तिला खांदा दिला, पण नाव नाही, आणि वडिलांना विचारलं तर तेही म्हणाले, बसऱ्याची आजीच की.

शेवटी चुलतभावाच्या माळ्यावर ती ट्रंक निघाली. तळाशी फॅमिली पेन्शनचं पुस्तक, पानापानावर निळ्या शाईचा अंगठा, आणि प्रत्येक अंगठ्याशेजारी कचेरीतल्या कारकुनानं मोडी वळणात लिहिलेलं तिचं नाव. मला मोडी येत नाही. ते वाचून घ्यायला मी ते पुस्तक घेऊन साताऱ्याला गेलो.