ओकावांगोला जायचं ते पाण्याचं पंचांग बघून

[दृश्य: छोट्या विमानातून दिसणारी हिरवी बेटं, त्यांच्यामधून वळत गेलेले पाण्याचे पाट]

जुलै महिना. उत्तर बोट्स्वानात पाऊस थांबून तीन-चार महिने झालेत. आकाश निरभ्र, माळावरचं गवत वाळून पिवळं पडलेलं. आणि ओकावांगोचं, म्हणजे याच नावाची नदी जिथे पसरून संपते त्या पाणथळ त्रिभुज प्रदेशाचं पाणी मात्र चढतंय.

हे पाणी आलंय अंगोलातून. जानेवारी-फेब्रुवारीत तिथल्या पठारावर पाऊस कोसळतो. कुबांगो आणि क्विटो या नद्या तो घेऊन निघतात, एकत्र होतात, नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडतात आणि ओकावांगो या नावाने बोट्स्वानात शिरतात. पुढे उतार जवळजवळ संपतोच. मग पाणी धावायचं थांबतं आणि पसरायला लागतं. मार्च-एप्रिलच्या सुमारास सीमेवरच्या मोहेंबोला पूर दिसतो. तिथून दक्षिणेला माऊन गावापर्यंत पोचायला त्याला आणखी तीन-चार महिने लागतात. वाटेत बहुतेक पाणी उन्हाने आणि झाडापाल्यातून हवेत जातं, काही वाळूत मुरतं. ही नदी समुद्राला मिळतच नाही.

म्हणून इथली सहल आखताना आधी महिना ठरवायचा. कॅम्प, विमान, बजेट, सगळं त्यानंतर.

जून ते ऑगस्ट हा भर हंगाम. पाणी भरपूर, डास कमी, आणि दरही चढे. थंडीची तयारी मात्र हवी. पहाटे उघड्या जीपमध्ये बोटं गारठतात, एखाद्या रात्री पारा शून्याजवळ जातो. जाड जाकीट आणि कानटोपी घ्याच.

दिवाळीची सुट्टी साधायची म्हणाल, तर ऑक्टोबरात पारा चाळिशीला टेकतो. पाणी ओसरत असतं आणि हत्तींचे कळप उरलेल्या पाण्यावर गोळा होतात. प्राणी बघायला उत्तम, अंगाला कठीण. नोव्हेंबरअखेरीस पाऊस धरला की सगळं हिरवं होतं, इंपालांची पाडसं दिसू लागतात, स्थलांतर करून आलेले पक्षी असतात, दर उतरतात आणि वाटा चिखलात रुततात.

मला विचाराल तर मे. शाळांना सुट्टी असते, वरच्या भागात पाणी पोचलेलं असतं, दिवस सुखाचे असतात.

[दृश्य: मोकोरोच्या टोकाला लावलेला कॅमेरा, समोर कमळाची पानं]

हा मोकोरो. अरुंद, सपाट तळाची होडी. पूर्वी मोठ्या झाडाच्या अखंड खोडातून कोरायचे. आता झाडं वाचावीत म्हणून बहुतेक होड्या फायबरग्लासच्या असतात. नावाडी मागे उभा राहतो आणि लांब काठी तळाला टेकवून होडी पुढे रेटतो. तुमची नजर पाण्यापासून जेमतेम हातभर वर. कमळाची पानं कडेला घासत जातात. लव्हाळ्याच्या काडीला अंगठ्याच्या पेराएवढा रंगीत बेडूक चिकटलेला असतो, जीपमधून तो जन्मात दिसला नसता. खोल पाण्यात पाणघोडे असतात, म्हणून नावाडी उथळ कडेकडेने जातो. तो थांबा म्हणाला की थांबायचं.

बेटावर उतरलात की पायाखाली बघा. इथली कितीतरी बेटं वाळवीच्या वारुळातून जन्मलीत. पुराच्या वर राहिलेल्या त्या उंचवट्यावर पक्षी बसतात, बिया पडतात, झाडं वाढतात. झाडं पाणी शोषून घेतात, पण त्यातले क्षार मागे ठेवतात, आणि ते बेटाच्या मध्याखाली साचत जातात. काही बेटांच्या मधोमध जमीन पांढरी, उजाड दिसते ती त्यामुळेच. आणि भोवतालचं पाणी गोडं राहतं. एवढं पाणी दरवर्षी उन्हात उडून जाऊनही इथे खारट दलदल का झाली नाही, याचं मोठं श्रेय या झाडांना आहे.

[दृश्य: पाणी उडवत धावणारी लाल लेचवे हरणं]

इथल्या बाटवाना लोकांनी १९६३ साली स्वतःच्या जमिनीवर मोरेमी अभयारण्य राखलं. रानकुत्रे, बिबटे, सिंह बघायला आजही मोरेमी आणि शेजारचं ख्वाई गाठावं. पुढे २०१४ मध्ये ओकावांगोचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं, यादीतलं हजारावं.

आता खर्च. बोट्स्वानाने ठरवून थोडे पर्यटक आणि चढे दर हा मार्ग धरलाय. आतल्या कॅम्पांवर छोट्या विमानानेच जावं लागतं, आणि ते महागच पडतं. हात आखडता असेल तर माऊनहून गावकऱ्यांच्या मोकोरोने एक-दोन रात्रींची फेरी करा. तंबू, बेटावरचा मुक्काम आणि वाट दाखवायला तिथलाच माणूस, एवढं पुरतं. टपावर तंबू असलेली फोर बाय फोर भाड्याने घेऊन स्वतःही हिंडता येतं, गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते. पण खोल वाळू आणि पाण्यातून गाडी काढायची सवय नसेल तर हा मार्ग सोडा. तिथल्या तळांना कुंपण नसतं, रात्री हत्ती तंबूजवळून जातात.

छोट्या विमानात सामान पंधरा-वीस किलोच चालतं आणि तेही मऊ पिशवीत. चाकांची कडक बॅग घरी ठेवा. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधी सुरू करा. नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जाणार असाल तर पीतज्वराच्या लसीचे नियम तिकीट काढण्यापूर्वी तपासा. मुलं बरोबर असतील तर जन्मदाखले जवळ हवेत.

आठवडाभराच्या सहलीत चोबे राष्ट्रीय उद्यान, व्हिक्टोरिया धबधबा आणि ओकावांगो असं सगळं कोंबू नका. निदान तीन रात्री पाण्यात द्या, उरलेल्या ख्वाई-मोरेमीला. जुलैच्या चांगल्या जागा बऱ्याचदा वर्षभर आधीच भरतात, तेव्हा चौकशी आत्ताच सुरू करा. पूर दरवर्षी सारखा नसतो, म्हणून कॅम्पला लिहिताना पहिल्याच ओळीत विचारा: आम्ही येऊ त्या आठवड्यात तुमच्याकडे मोकोरो चालण्याइतकं पाणी असतं का?