द्राक्षगर्भ : काढलेला भाग टाकू नका

श्रोतेहो, नमस्कार.

दिवस गेल्यावर दोन महिन्यांनी अंगावरून जाऊ लागतं, सोनोग्राफी होते आणि डॉक्टर द्राक्षगर्भाची शंका घेतात. वारेच्या अंकुरांत पाणी भरून द्राक्षांसारखे घोस होतात, म्हणून हे नाव. पण ८-९ आठवड्यांत घोस बहुधा दिसतच नाहीत. चित्र साध्या गर्भपातासारखं असतं. क्युरेटिंगमध्ये, म्हणजे गर्भाशय साफ करताना, काढलेला भाग फेकला की निदान हुकलंच. म्हणून इस्पितळ गोव्यात पेडण्यातलं लहान असो की बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ), तो सगळा भाग फॉर्मेलिन या टिकवणाऱ्या द्रावणात घालून बायोप्सीला गेलाच पाहिजे. क्रोमोझोम (गुणसूत्रं) तपासायला पेशी वाढवायच्या असतील, तर थोडा भाग आधीच सलाईनमध्ये वेगळा काढावा. फॉर्मेलिनमध्ये पेशी जगत नाहीत.

पूर्ण द्राक्षगर्भात बहुधा आईची गुणसूत्रं नसतात. ४६ च्या ४६ बापाकडची. अर्धवट प्रकारात ६९ असतात : दोन संच बापाचे, एक आईचा. नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली अनुभवी डॉक्टरांचाही इथे गोंधळ होतो. आधी पी-५७ हे प्रथिन दाखवणारा रंग देतात. त्याचं जनुक आईकडून आलेलंच काम करतं, त्यामुळे पूर्ण द्राक्षगर्भाच्या अंकुरांत पेशींची केंद्रकं तपकिरी होत नाहीत. शेजारच्या, आईच्या गर्भाशयाच्या अस्तरात मात्र ती तपकिरी दिसलीच पाहिजेत. नाहीतर रंगच चढला नाही असं समजून चाचणी पुन्हा करायची.

अर्धवट द्राक्षगर्भ आणि साधा गर्भपात, दोन्हीत रंग चढतो. तिथे डीएनएच बोलतो. बायोप्सीचा भाग मेणात बसवून ब्लॉक करतात; त्यातून अंकुर आणि आईचं अस्तर वेगवेगळं खरवडून डीएनएच्या १५-१६ जागा ताडून बघतात. समजा, एका जागी आईचे आकडे (डीएनएचा छोटा तुकडा तिथे किती वेळा येतो ते) १२ आणि १५. अंकुरात १५, १७, १९ आले, तर दोन बापाकडचे : अर्धवट द्राक्षगर्भ. १२, १५, १७ आले आणि बाकीच्या जागीही तसंच दिसलं, तर जादा संच आईचा, आणि तो द्राक्षगर्भ नव्हे. नुसती ६९ गुणसूत्रं मोजून हा फरक कळत नाही. खरवडताना आईचं अस्तर मिसळलं तर निकाल फसतो. सगळ्यात जास्त काळजी इथेच घ्यावी लागते. नवऱ्याचं रक्त सहसा लागत नाही. तो तारवटी असून बोटीवर असला तरी तपासणी अडत नाही. ही सोय जवळ नसेल तर ब्लॉक बाहेरगावी पाठवता येतो, म्हणून त्याचा नंबर मागून ठेवा.

एवढा खटाटोप कशासाठी? पूर्ण द्राक्षगर्भानंतर १०० पैकी १५ ते २० जणींना आजार मागे राहिल्यामुळे पुढे केमोथेरपी लागू शकते; अर्धवटमध्ये पाचांहूनही कमी जणींना. बीटा एचसीजी (गरोदरपणात रक्तात वाढणारं संप्रेरक) नॉर्मल येईपर्यंत दर आठवड्याला तपासायचं, आणि पुढे किती महिने, हे प्रकारावर ठरतं. तोवर पुन्हा दिवस जाऊ देऊ नयेत. नव्या गर्भामुळेही एचसीजी चढतं, मग आजार उलटला की नाही हे ओळखताच येत नाही.

द्राक्षगर्भ वारंवार होत असेल, तर त्या बाईच्या रक्तात एनएलआरपी-७ जनुकाची तपासणी करून घ्यावी. या जनुकात दोष निघाला, तर दुसऱ्या स्त्रीचं बीज घेऊन मूल होऊ शकतं. घरात तिला बोल लावणाऱ्यांना हेही सांगा : तिच्या खाण्यापिण्यानं किंवा कामानं हे झालेलं नाही.