डोळे चोळू नका, आणि जुना ड्रॉप पुन्हा आणू नका

नमस्कार मंडळी, रंगपंचमीला नाशिकच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उड्या मारून झाल्या, ऊन तापायला लागलं आणि गोल्फ क्लब मैदानावर पोरं भर धुळीत क्रिकेट खेळायला लागलीत. याच दिवसांत कितीतरी घरात हेच चालू असतं बघा, पोरगं दोन्ही मुठींनी कराकरा डोळे चोळतंय आणि आई त्याचे हात धरतीये.

माझा भाचा नऊ वर्षांचा. तीन वर्षं झाली, मार्च आला की डोळे लाल, घळाघळा पाणी, उन्हाकडे बघवत नाही, आणि सकाळी कोपऱ्यातून पांढरा चिकट दोरा निघायचा, ओढला की लांबतच जायचा. आम्ही म्हणायचो डोळे आलेत, त्याचा टॉवेल वेगळा, शाळा बंद. पण साथीतले डोळे दोन-तीन आठवड्यांत बरे होतात, हे तर दर उन्हाळ्याला, आणि खाज एवढी की विचारू नका! शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी वरची पापणी उलटी करून दाखवली, आत बारीक बारीक फोडांसारखे उंचवटे, एकाला एक चिकटून. म्हणाले ही अ‍ॅलर्जी, कोणाला लागत नाही.

चोळल्यावर घडीभर बरं वाटतं, पण त्याने पापणीच्या आतून हिस्टामिन, म्हणजे खाज आणणारं रसायन, अजून सुटतं आणि खाज दुप्पट होते. वर्षानुवर्षं चोळलं तर बुबुळाचा पडदा पातळ होऊन पुढे शंकूसारखा येऊ शकतो, मग चष्म्यानेही नीट दिसत नाही.

आणि आता खरं सांगायचंय ते. आम्ही चिठ्ठी न दाखवताच मेडिकलमधून तोच जुना ड्रॉप आणत राहिलो, दोन दिवसांत डोळे पांढरेशुभ्र व्हायचे म्हणून खूश. तो स्टेरॉइडचा होता. असे ड्रॉप महिनोन् महिने घातले तर डोळ्यातलं प्रेशर वाढू शकतं, दुखत नाही, कळत नाही आणि आतली नस खराब होऊ शकते, ती गेलेली नजर परत येत नाही हो. मोतीबिंदूही होऊ शकतो, लहान पोराला! आमचं वेळेत लक्षात आलं.

आता खाज सुटली की गार पाण्याची पट्टी ठेवतो, खेळून आला की आधी तोंड-डोळे धुतो, बाहेर जाताना टोपी-गॉगल, आणि डॉक्टरांनी दिलेला अ‍ॅलर्जीचा ड्रॉप. वयात येता येता बऱ्याच मुलांचं हे आपोआप कमी होतं म्हणे.

तुमच्या फ्रिजच्या दारात अशी बाटली असेल तर आजच काढा, बारीक अक्षरात स्टेरॉइडचं नाव, म्हणजे डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलंय का बघा, आणि असेल तर बाटली आणि पोरगं दोघांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, प्रेशर तपासून घ्या.