सोमालियाचा प्रवाह आणि कोकणचा पाऊस

आफ्रिकेच्या मुख्य भूमीचे सर्वांत पूर्वेकडचे टोक म्हणजे सोमालियातील रास हाफून. विषुववृत्त येथून सुमारे साडेअकराशे किलोमीटर अंतरावर आहे. मे महिन्यात येथील समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान 30 अंश सेल्सियसच्या जवळपास असते. जुलैमध्ये मात्र किनाऱ्यालगतचे पाणी काही ठिकाणी 20 अंशांच्याही खाली उतरते.

जगातील बहुतेक मोठे सागरी प्रवाह वर्षभर एकाच दिशेने वाहतात. सोमाली प्रवाह त्याला अपवाद आहे. हिवाळ्यात ईशान्येकडून येणाऱ्या वाऱ्यांबरोबर तो नैर्ऋत्येकडे वाहतो आणि नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की उलट फिरून, सेकंदाला दोन मीटरहून अधिक वेगाने, ईशान्येकडे धाव घेतो. हे वारे किनाऱ्याला समांतर वाहतात, परंतु पृथ्वीच्या परिवलनामुळे वरच्या थरातील पाणी त्यांच्या उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर खोल समुद्राकडे लोटले जाते. त्याची जागा घ्यायला खालचे थंड पाणी वर येते. पुढे शेकडो किलोमीटर व्यासाचा एक प्रचंड भोवरा तेच पाणी अरबी समुद्रात आतवर ओढून नेतो.

या थंड पाण्यावरून जे वारे जातात, तेच पुढे सह्याद्रीला येऊन धडकतात. केनियाच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडून येणारा हा वाऱ्याचा वेगवान झोत जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर सर्वांत प्रबळ असतो. ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ जॉन फिंडलेटर यांनी 1969 मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. वाटेत तो समुद्रातून बाष्प गोळा करतो, परंतु पाणी थंड असेल तर बाष्पीभवन मंदावते. म्हणून ज्या वर्षी सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यांवर थंड पाणी कमी प्रमाणात वर येते, त्या वर्षी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पाऊस वाढण्याकडे कल असतो, असे संशोधकांना आढळले आहे. कोकणातल्या पावसाचा विचार करताना आपली नजर केरळपाशीच थांबते. ती याहून बरीच दूर, थेट आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जायला हवी, असे मला मनापासून वाटते.

या समुद्राची पद्धतशीर पाहणी 1960 च्या दशकातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत झाली. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था त्याच मोहिमेतून 1966 मध्ये उभी राहिली.

विषुववृत्तावर आणखी एक प्रवाह आहे. वसंतात आणि शरदात तो पूर्वेकडे वाहत हिंदी महासागराचे उबदार पाणी सुमात्राकडे नेतो. 2019 मध्ये विषुववृत्तावरचे वारे उलटे वाहू लागले, हा प्रवाह दुबळा झाला आणि उबदार पाणी पश्चिमेकडेच साचून राहिले. त्या वर्षी जूनमध्ये देशभर पावसाची मोठी तूट होती, तरीही हंगामाअखेर पाऊस सरासरीच्या 110 टक्क्यांवर गेला. ऑक्टोबरच्या शेवटी अरबी समुद्रात ‘क्यार’ आणि ‘महा’ ही दोन चक्रीवादळे एकाच वेळी घोंघावत होती, आणि महाराष्ट्रात काढणीला आलेले सोयाबीन शेतातच भिजत होते. पलीकडे, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात ज्याच्या किनाऱ्याला वर येणाऱ्या थंड पाण्यामुळे पाऊस फारसा लाभत नाही, त्याच सोमालियात शबेले नदीला पूर आला आणि बेलेदवेने शहर पाण्याखाली गेले.