लेबर रूममध्येच ठेवा, असं सांगणाऱ्या मुलींसाठी

नर्सिंग शिकणाऱ्या मुलींनो, तुमच्यापैकी अनेकींचं पुढचं ठरलेलं आहे. कुणी आयसीयूत जाणार, कुणी जर्मनचा क्लास लावलाय, कुणी महापालिकेच्या भरतीकडे डोळे लावून बसलीय. तुम्ही तुमच्या वाटेनं खुशाल जा. पण महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते ती नर्स आणि मिडवाइफ (बाळंतपण करणारी प्रशिक्षित परिचारिका) या दोन्ही नात्यांनी, आणि त्यातलं दुसरं नातं बहुतेक जणी पुढे पुसूनच टाकतात. याचं मला फार वाईट वाटतं.

जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेला, तीन वर्षं, बीएस्सी नर्सिंगला चार. केसबुक भरण्यापुरती बाळंतपणं तुम्ही केली असतील, पण तेवढ्यानं हात बसत नाही. मोठ्या रुग्णालयांत ड्युट्या फिरत्या असतात. जिला आत्ता कुठे कळायला लागलंय, नेमकी तीच मेडिकल वॉर्डात जाते. ज्या मुलीला हे काम मनापासून आवडतं तिनं मेट्रनकडे, म्हणजे मुख्य परिचारिकेकडे, जाऊन सांगावं, ‘मला इथेच राहायचंय.’ या वाटेची पहिली पायरी तीच, कोर्स नंतर.

इथे शिकायचं काय असतं? पहिलटकरीण रात्री दाखल होते. गर्भाशयाचं तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडतं, असं आपण पाठ केलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 साली सांगितलं, की हे माप प्रत्येक बाईला लावू नका आणि कळांचा सक्रिय टप्पा 5 सेंटिमीटरपासून धरा. म्हणजे बाळबाळंतीण ठीक असतील, तर केवळ घड्याळाकडे बघून कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनचं ड्रिप लावायचं नाही. पण तिच्यापाशी थांबायचं, आणि थांबण्यात भरपूर काम आहे. दर 15 ते 30 मिनिटांनी बाळाचे ठोके, जोर लावायच्या वेळी दर 5 मिनिटांनी. पोटावर हात ठेवून कळ किती टिकते ते बघायचं. गर्भजल गेलं असेल तर ते स्वच्छ आहे की हिरवट? तिला चालवायचं, कुशीवर वळवायचं, घोटभर पाणी द्यायचं, आणि पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपणाच्या प्रगतीचा तक्ता, त्या त्या वेळीच भरायचा, ड्युटी संपताना नाही. बाळाचे ठोके मिनिटाला 110 च्या खाली राहू लागले, तर डॉक्टरांना बोलवायला क्षणभरही उशीर नको.

आणि तिच्यावर ओरडायचं नाही. नवरा बाहेर जिन्यात, माहेर बिहारात, भाषा परकी. अशा किती बायका या शहरात बाळंत होतात! सरकारी रुग्णालयांत सोबतीला घरची बाई ठेवायला केंद्र सरकारनं 2016 सालीच मुभा दिली आहे. जागा नाही, गर्दी होते, ही कारणं मला मान्य नाहीत. एक पडदा लावला की जागा होते.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात दर 100 बाळंतपणांमागे 21.5 सिझेरियन होती, खासगी रुग्णालयांत 47 च्या वर. सिझेरियननं जीव वाचतात, ते मी डोळ्यांनी बघितलंय. पण शेजारी थांबणारं अनुभवी माणूस नाही, म्हणून झालेली सिझेरियनही असतात.

आता कोर्सबद्दल. डिसेंबर 2018 मध्ये केंद्रानं मिडवायफरी सेवांची, म्हणजे मिडवाइफच्या कामाची, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी हे वेगळं केडर, म्हणजे पदांचा वेगळा गट, आहे, 18 महिन्यांचं प्रशिक्षण आहे, आणि जोखीम नसलेली बाळंतपणं मिडवाइफनं स्वतःच्या जबाबदारीवर करण्याचे कक्ष आहेत, डॉक्टर हाकेच्या अंतरावर. एमएस्सी नर्सिंगची वाट बहुतेकींना शिकवण्याकडे नेते. बाईपाशी राहायचं असेल तर हे नीट लक्षात घ्या. प्रवेश घेण्याआधी तीन गोष्टी विचारा आणि उत्तर लेखी मागा: कोर्सनंतर नेमणूक लेबर रूममध्येच होणार का, पद वेगळं आहे का, पगार कोणत्या श्रेणीत? उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरीकडे चौकशी करा.

तुमच्या रात्रपाळ्या अजून बाकी आहेत. इनचार्ज सिस्टरना विचारून एका बाईपाशी कळा सुरू झाल्यापासून वार पडेपर्यंत आणि नंतरचे दोन तास थांबा. रक्तस्रावाचा धोका तेव्हाच सर्वांत जास्त असतो, आणि नेमकं तेव्हाच सगळे चहाला जातात.