आधी कामाची वाट, मग सॉफ्टवेअर

मित्रहो, हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्ट्यातल्या कुठल्याही टीममध्ये प्रकल्प व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरचा विषय निघाला, की 'जिरा (Jira, कामांची नोंद ठेवणारे एक सॉफ्टवेअर) घ्यायचे की दुसरे काही?' हा प्रश्न सर्वांत आधी येतो. माझा आग्रह असा, की त्याआधी आपले काम कोणाकोणाच्या हातांतून जाते आणि नेमके कुठे अडते, हे पाहावे. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटा राज्यातील स्नोबर्ड येथे १७ जाणकारांनी अजाईलचा, म्हणजे छोट्या टप्प्यांत आणि बदल सामावून घेत सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीचा, जाहीरनामा तयार केला; त्यातले पहिलेच मूल्य प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसांना आणि त्यांच्या परस्परसंवादाला अधिक महत्त्व देते.

पूर्वी मी हिंजवडीतल्या ज्या टीममध्ये होतो, तिथे नवे तिकीट, म्हणजे एका कामाची नोंद, उघडताना फॉर्ममधले चौदा रकाने भरणे सक्तीचे होते. बटणावरचा एक शब्द बदलायचा असला तरी त्यातून सुटका नसे. साहजिकच लोक रकान्यांत नुसते टिंब देऊन पुढे जात आणि किरकोळ कामे व्हॉट्सॲपवर परस्पर उरकत. शेवटी आम्ही दोन स्प्रिंट, म्हणजे कामाचे ठरावीक मुदतीचे दोन टप्पे, भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या लावून काम केले. तिसऱ्याच दिवशी 'टेस्टिंग'खाली नऊ चिठ्ठ्या साचल्या, आणि टेस्टर होती एकटीच. स्क्रीनवर हे कधीच दिसले नव्हते, कारण तिथे कोडिंग आणि टेस्टिंग ही दोन्ही कामे 'काम चालू' या एकाच नावाखाली नोंदवली जात.

म्हणून मी सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यांदा हे पाहतो, की बोर्डावरचे (स्क्रीनवरच्या कामांच्या फळ्यावरचे) टप्प्यांचे रकाने टीमला स्वतः बदलता येतात का, आणि प्रत्येक रकान्यात एका वेळी किती कार्डे, म्हणजे कामे, असावीत याची मर्यादा घालता येते का. ही मर्यादा कशासाठी, हे जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमावरून सहज समजते: आठवड्याला सरासरी ५ कामे पूर्ण होत असतील आणि २० कामे हाती असतील, तर एका कामाला सरासरी ४ आठवडे लागतात, कामाचा वेग तोच ठेवून हातातली कामे १० वर आणली, तर २.

बाकी तुलना थोडक्यात सांगतो. ट्रेलो लहान टीमला पहिल्याच दिवशी समजते. रेडमाइन मुक्तस्रोत आहे, त्यामुळे परवान्याचा खर्च नाही. मात्र स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचे, तर अपडेट आणि बॅकअप सांभाळणारा माणूस टीममध्येच हवा. जिरामध्ये वर्कफ्लो, म्हणजे काम कोणकोणत्या टप्प्यांतून जाईल तो क्रम, हवा तसा घडवता येतो, पण ती मोकळीक टीमऐवजी दूरच्या ॲडमिनकडे गेली, की फॉर्ममधले ते चौदा रकाने पुन्हा उगवतात.

बाहेर पडण्याची वाटही आधीच पाहून ठेवावी. जिराच्या सर्व्हर आवृत्तीला (स्वतःच्या सर्व्हरवर चालवायच्या) मिळणारा कंपनीचा आधार १५ फेब्रुवारी २०२४ रोजी संपला आणि ती वापरणाऱ्यांना नवी सोय शोधावी लागली. तेव्हा चाचणीच्या काळातच खरे काम घालून एक स्प्रिंट चालवा, आणि त्यातले एक तिकीट टिप्पण्या, तारखा आणि जोडलेल्या फायलींसह बाहेर काढून दुसरीकडे उघडते का, ते पाहा.